पायाखालून निघून गेलेलं पाणी

समुद्राची पातळी वाढते आहे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. पण ‘वर्षाला किती वाढते?’ असं विचारलं आणि उत्तर ऐकलं, की माणूस चक्रावतो. जगाची सरासरी धरली तर वर्षाला साधारण ४ मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या एका दाण्याएवढी. तीस वर्षांचे तीस दाणे एकावर एक रचले तरी १२ सेंटीमीटर होतात. वीतसुद्धा पुरी भरत नाही.

मग एखादं गाव तीस वर्षांत समुद्रात कसं जातं? आणि तेही किनाऱ्यावरच्या चार झोपड्या नव्हेत, तर भातशेती, मशीद, शाळा, कबरस्तान आणि मोटारसायकल जाईल असा रस्ता असलेलं नांदतं गाव?

इंडोनेशियाच्या जावा बेटावर असं एक गाव आहे, तिंबुल्स्लोको. पाणी कुठून आलं, यापेक्षा पाणी कुठून गेलं, हे विचारल्याशिवाय त्याची गोष्ट उलगडत नाही.

१. गाव कुठं आहे?

जावा बेट आकारानं महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान आहे, आणि २०२० च्या जनगणनेनुसार त्यावर १५ कोटींहून जास्त माणसं राहतात. बेटाच्या दक्षिणेला हिंदी महासागराच्या मोठ्या लाटा येऊन आदळतात. उत्तरेचा जावा समुद्र मात्र उथळ आणि शांत. या उत्तर किनाऱ्याला तिथले लोक ‘पांतुरा’ म्हणतात. शहरं, बंदरं, कारखाने, हमरस्ते, सगळी गर्दी याच पट्ट्यात. डच गव्हर्नर डांडेल्सनं १८०८ पासून बेटाच्या पश्चिम टोकाच्या आन्यरपासून पूर्वेच्या पानारुकानपर्यंत सुमारे १००० किलोमीटरचा टपाल रस्ता बांधून घेतला, त्याचाही बराचसा भाग याच किनाऱ्यानं जातो.

या किनाऱ्याच्या मध्यावर सेमारांग हे मध्य जावा प्रांताचं मुख्य शहर आहे. शहराची पूर्वेकडची हद्द ओलांडली की देमाक जिल्हा लागतो आणि त्यातला सायुंग तालुका. हमरस्त्यावर कारखान्यांच्या भिंती दिसतात. तिथून डावीकडे, समुद्राच्या दिशेनं वळलं की थोड्याच अंतरावर बेदोनो आणि तिंबुल्स्लोको ही गावं येतात. गावाला तिथं ‘देसा’ म्हणतात. शब्द संस्कृतातल्या ‘देश’वरून आलेला. एका देसात अनेक ‘दुकुह’, म्हणजे आपल्याकडच्या वाड्या. जावानीज भाषेत समुद्राला ‘सेगारा’ म्हणतात, तो आपला सागरच. ‘तिंबुल’ या शब्दाचा अर्थ वर येणं, पाण्याच्या पृष्ठभागावर दिसू लागणं. गावाच्या नावात हा शब्द असावा, हे आज तिथं उभं राहिलं की फार लागतं.

२. एक दार

तिंबुल्स्लोकोच्या वाडीत जायचं तर मोटारसायकल अलीकडंच ठेवावी लागते. पुढं लाकडी फळ्यांची अरुंद पायवाट आहे, पाण्यात रोवलेल्या खुंटांवर बसवलेली. गावकऱ्यांनी वर्गणी काढून, एकमेकांच्या हाताला हात लावून ती उभी केली. अशा सामूहिक कामाला इंडोनेशियात ‘गोतोंग रोयोंग’ म्हणतात. आपल्याकडे शेतात इर्जिक घालायचे, तसंच. दोन्ही बाजूंना हिरवट-करडं पाणी आणि त्यात उभी घरं. अंगण नाही, परसू नाही. जुन्या बांधांच्या जागा पाण्यातून डोकावणाऱ्या खुंटांवरून ओळखायच्या.

घराच्या दारात आलं की वाकावं लागतं. दार मुळात ठेंगणं नव्हतं. ते नेहमीच्याच उंचीचं होतं. पाणी घरात येऊ लागलं तेव्हा घरच्यांनी भराव टाकून जमीन उचलली. काही वर्षांनी पाणी पुन्हा आलं, जमीन पुन्हा उचलली. शेवटी भराव परवडेना, तेव्हा घरातल्या घरात लाकडी माळा घातला आणि त्यावर संसार मांडला. खिडकी आता गुडघ्याशी आली आहे. बसल्या माणसाचा हात छपराच्या वाशाला लागतो.

हिशेब साधा आहे. घराच्या आत जमिनीपासून वाशापर्यंत ३ मीटर उंची होती असं धरू. दर खेपेला अर्धा मीटर भराव टाकला, तर तीन खेपांनंतर उरते दीड मीटर. त्यात बाईमाणसाला ताठ उभं राहून स्वयंपाक करता येत नाही. यापुढं दोनच वाटा: छप्पर उचलायचं किंवा गाव सोडायचं. छप्पर उचलायला पैसा लागतो, आणि गाव सोडायला तर त्याहून जास्त. कारण पाण्याखाली गेलेल्या जमिनीला गिऱ्हाईक नसतं.

शेजारच्या बेदोनो गावातल्या तांबाकसारी आणि रेजोसारी सेनिक या दोन वाड्यांनी ही लढाई आधीच सोडून दिली. २००६ च्या आगेमागे सेनिकची दोनशेच्या आसपास कुटुंबं दुसरीकडे वसवली गेली. आज तिथं भिंतींचे सांगाडे, वाढलेली तिवरं आणि बगळ्यांची वस्ती आहे.

३. ही जमीन आली कुठून?

जे गाव बुडतंय ते मुळात कशावर उभं आहे, हे आधी पाहू. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

देमाकच्या ईशान्येला मुरिया नावाचा जुना, निवलेला ज्वालामुखी आहे. पाचशे वर्षांपूर्वी हा डोंगर जावापासून वेगळा होता. मध्ये एक उथळ सामुद्रधुनी होती आणि तिच्या काठी देमाक हे भरभराटीचं बंदर होतं. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथं जावामधली पहिली मोठी मुस्लिम सल्तनत उभी राहिली. रादेन पाताह हा तिचा पहिला सुलतान. देमाकची मोठी मशीद आजही उभी आहे. तिच्या चार मुख्य खांबांपैकी एक अखंड लाकडाचा नसून सुनान कालिजागा या संतानं लाकडाच्या ढलप्या जोडून तो एका रात्रीत उभा केला, अशी तिथली श्रद्धा आहे. तोमे पिरेश या पोर्तुगीज लेखकानं १५१२ ते १५१५ या काळात लिहिलेल्या ‘सुमा ओरिएंताल’ या ग्रंथात देमाकचं वर्णन आहे. त्याच ग्रंथात गोवा आणि दख्खनही आहेत. एकाच व्यापारी जगाची ही दोन टोकं होती.

पुढं नद्यांनी डोंगरातला गाळ आणून ती सामुद्रधुनी बुजवली. मुरिया डोंगर मुख्य भूमीला चिकटला आणि देमाक बंदराचं देमाक शेतगाव झालं. सायुंगचा किनाराही असाच गाळाचा: कोवळा, मऊ आणि पाण्यानं गच्च भरलेला. भूशास्त्राच्या हिशेबात काही शतकं किंवा दोन-चार हजार वर्षं म्हणजे कालपरवाच. इथं खाली खडक लागायला फार खोल जावं लागतं. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर वाढलेल्या माणसाला अशा जमिनीची कल्पनाच पटकन येत नाही. आपल्या लेखी जमीन म्हणजे पाया. इथं जमीन म्हणजे अजून बसायची राहिलेली साय.

४. भात, मग कोळंबी

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना इथली भातशेती आठवते, नारळ आठवतात. किनाऱ्याला लागून कांदळवनाचा पट्टा होता. पण १९८० च्या दशकात चित्र पालटलं. इंडोनेशियानं १९८० मध्ये जावाच्या समुद्रात ट्रॉलरनं मासेमारी करायला बंदी घातली. परदेशात कोळंबीची मागणी मात्र वाढतच होती. मग समुद्रातली कोळंबी तळ्यात आणायचं ठरलं. किनाऱ्यावर खाऱ्या पाण्याची तळी खणली जाऊ लागली. त्यांना ‘तांबाक’ म्हणतात. कांदळवन तुटलं, मागून भातखाचरंही तळी झाली.

गोव्यातली खाजन शेती ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तांबाक चटकन कळेल. चारी बाजूंनी मातीचा बांध, बांधात पाण्याचं दार, आणि भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ते दार उघडायचं किंवा लावायचं. गोव्यात या दाराला मानस म्हणतात. खाजनात भात आणि मासळी यांचा मेळ होता. तांबाकात भात गेला आणि वाघकोळंबी व बांदेंग मासा राहिला. हा बांदेंग चंदेरी, चवीला उत्तम, पण काट्यांनी भरलेला. सेमारांगकर तो वाफेच्या दाबाखाली इतका शिजवतात की काटेही मऊ होऊन चावून खाता येतात. ‘बांदेंग प्रेस्तो’ या नावानं तो प्रसिद्ध आहे आणि शहरातून परतणारा प्रत्येक पाहुणा त्याचा पुडा घेऊन जातो.

कोळंबीनं पहिली काही वर्षं भरभरून दिलं. पक्की घरं उभी राहिली, काहींना हजची यात्रा घडली. मग नव्वदच्या दशकात कोळंबीवर पांढऱ्या डागांचा रोग आला आणि आशियाभरची तळी ओस पडली. पैसा गेला, आणि बांधांना आडोसा देणारं कांदळवन तर आधीच गेलं होतं.

हा आडोसा म्हणजे नेमकं काय, ते जमाखर्चाच्या वहीसारखं समजून घेता येतं. चिखलाच्या किनाऱ्यावर प्रत्येक भरती थोडा गाळ आणून टाकते, ती जमा. प्रत्येक लाट थोडा गाळ उचलून नेते, तो खर्च. कांदळवनाच्या मुळांत लाट मंदावते, गाळ खाली बसतो आणि जमा खर्चापेक्षा वरचढ राहते. वन तोडून बांध घातला की दोन गोष्टी एकदम होतात. बांधाच्या आत भरतीचा गाळ पोचत नाही, म्हणून जमा थांबते. आणि लाट उभ्या बांधावर आपटून मागं फिरताना पायथ्याचा चिखल खरवडून नेते, म्हणून खर्च वाढतो. शेजारच्या तांजुंग एमास बंदराच्या भरावामुळं आणि बांधांमुळं किनाऱ्यालगतचे प्रवाह बदलले, असंही अनेक अभ्यासक सांगतात. एकेक तळं फुटत गेलं. सायुंगमध्ये काही ठिकाणी समुद्र किलोमीटरभराहून अधिक आत आला.

पण धूप हे अर्धंच उत्तर आहे. किनारा खाल्ला गेला, तर काठची घरं पडतील. आतल्या घरांत दर भरतीला पाणी का शिरावं?

५. ‘रोब’ म्हणजे काय?

पांतुराच्या किनाऱ्यावर एक शब्द सतत कानावर येतो: रोब. पाऊस नाही, वादळ नाही, नदीला पूर नाही. वर निरभ्र आकाश आणि तरी रस्त्यावर गुडघाभर पाणी. भरतीचं पाणी वस्तीत चढतं, त्याला रोब म्हणतात. शाळा किती वाजता सुटणार, लग्नाची वेळ कोणती धरायची, मोटारसायकल कुठं लावायची, हे सगळं रोबचं वेळापत्रक पाहून ठरतं.

मुंबईकराला उधाणाची भरती नवी नाही. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पावणेपाच मीटरपर्यंत चढतं. सेमारांगच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांच्यातला फरक जेमतेम १ मीटर. वाचणाऱ्याला वाटेल, मग तर हा किनारा जास्त सुरक्षित. पिढ्यान्‌पिढ्या तसं होतंही. समुद्र फार चढत नसल्यामुळंच लोकांनी पाण्याच्या अगदी जवळ, थोड्याशाच उंचीवर घरं बांधली.

धोका तिथंच होता. उदाहरण घेऊ. एक अंगण सगळ्यात मोठ्या भरतीच्या रेषेपेक्षा २० सेंटीमीटर वर आहे. समजा, ते वर्षाला १० सेंटीमीटर खाली जाऊ लागलं. दोन वर्षांनी वर्षातली सगळ्यात मोठी भरती अंगणाला टेकेल. घरचे म्हणतील, यंदा पाणी जरा जास्तच आलं. पाच-सहा वर्षांत महिन्यातून कित्येकदा पाणी येईल. आणि बाराव्या वर्षी अंगण त्या भरतीच्या रेषेपेक्षा पूर्ण १ मीटर खाली, म्हणजे ओहोटीच्या रेषेवर पोचलेलं असेल. मग ओहोटीतही तिथून पाणी हटणार नाही. या बारा वर्षांत समुद्र स्वतः किती वाढला? ज्वारीचे बारा दाणे. पाच सेंटीमीटरही नाही.

वर्षाला १० सेंटीमीटर हा आकडा उदाहरणासाठी घेतला असला, तरी मनानं रचलेला नाही. देमाकच्या किनाऱ्यावर जमीन खचण्याचा वेग वर्षाला ८ ते १० सेंटीमीटर, काही जागी त्याहूनही जास्त मोजला गेला आहे. समुद्र चढण्याच्या वीसपट वेगानं जमीन खाली चालली आहे.

६. जमीन खचते कशी? चक्क्याचं उदाहरण

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून रात्रभर टांगलं, की त्यातलं पाणी ठिबकून जातं. संध्याकाळी बांधलेली टपोरी पुरचुंडी सकाळी निम्म्यावर आलेली असते. दह्यातलं बाकी काही कुणी काढून घेतलेलं नसतं. फक्त पाणी गेलं आणि उरलेलं एकमेकांत घट्ट बसलं. आता त्या चक्क्यावर गेलं तेवढं पाणी परत ओतलं, तर पुन्हा मूळचं दही होतं का? नाही होत.

सायुंगच्या खालची माती नेमकी अशीच आहे. चिकणमातीचे बारीक चपटे कण आणि त्यांच्यामध्ये कोंडलेलं पाणी. वरचा सगळा भार काही अंशी कणांवर, काही अंशी या पाण्यावर तोललेला असतो. थराथरांच्या अधेमधे वाळूचे पट्टे आहेत आणि विंधन विहिरी त्यातलं पाणी खेचतात. वाळूतलं पाणी उपसलं की वरच्या-खालच्या चिकणमातीतलं पाणी हळूहळू तिकडं झिरपतं. कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा आधार निघतो, कण एकमेकांवर बसतात आणि वरची जमीन खाली येते. वाळू पुन्हा पाण्यानं भरता येईल. दाबली गेलेली चिकणमाती पूर्ववत फुगत नाही.

हे पाणी कोण उपसतं? सेमारांगच्या पूर्व भागात आणि सायुंगच्या हमरस्त्यालगत कारखान्यांची रांग आहे. त्यातल्या अनेकांना लागणारं पाणी शंभर-शंभर मीटर आणि त्याहून खोल विहिरींतून येतं. शहरातल्या वसाहती, हॉटेलं, दुकानंही तेच पाणी वापरतात. नव्या इमारतींचं आणि भरावाचं ओझं मऊ गाळावर पडतं, ते वेगळंच. जमिनीखालच्या थरांना तालुक्याची हद्द ठाऊक नसते. पंप एकीकडे चालतो आणि त्याची किंमत काही किलोमीटरवरच्या तांबाकवाल्याच्या घरात मोजली जाते.

तिंबुल्स्लोकोच्या लोकांनी निसर्गाशी काही आगळीक केली म्हणून गाव बुडालं, असं अजून कुठं कुठं लिहिलं जातं. त्यांनी कांदळवन तोडलं, हे खरं आहे आणि त्याची शिक्षाही त्यांना मिळाली. पण जमीन खचण्याचं मोठं पाप त्यांच्या माथी मारणं हा सरळ अन्याय आहे.

७. भिंत नको, कुपाटी

किनारा वाचवायचा म्हटलं की पहिली आठवण काँक्रीटच्या भिंतीची होते. मऊ चिखलावर भिंत बांधली की ती स्वतःच्या वजनानं खचते, आणि लाट तिच्यावर आपटून पायथा पोखरते. देमाकच्या किनाऱ्यावर अशा कलंडलेल्या बांधांचे अवशेष पाहायला मिळतात.

२०१५ मध्ये इथं वेगळा प्रयोग सुरू झाला. इंडोनेशियाचं सागर आणि मत्स्य खातं, वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था, इकोशेप हा डच तज्ज्ञांचा गट आणि गावकरी यांनी देमाकच्या सुमारे २० किलोमीटर किनाऱ्यावर काम हाती घेतलं. त्यातली मुख्य युक्ती ऐकली तर आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला घरची वाटेल. समुद्रात खुंटांच्या दोन समांतर रांगा ठोकायच्या, मधल्या फटीत फांद्या-काटक्या गच्च भरायच्या आणि वरून जाळीनं बांधून टाकायच्या. थोडक्यात, समुद्रात घातलेली कुपाटी.

शेताची कुपाटी गुरं अडवते, वारा अडवत नाही. समुद्रातली कुपाटी पाणी जाऊ देते, पण लाटेचा जोर काढून घेते. गढूळ पाणी काटक्यांतून झिरपत पलीकडं जातं, तिथं शांत होतं आणि त्यातला गाळ तळाशी बसतो. काही भरत्यांनंतर चिखल वर येऊ लागतो. ओहोटीत तो उघडा पडू लागला, की पाण्याबरोबर वाहत आलेलं तिवराचं बी आपोआप रुजतं.

‘आपोआप’ हा शब्द इथं महत्त्वाचा. कांदळवन लावण्याच्या मोठमोठ्या मोहिमा जगभर निघतात. हजारो माणसं चिखलात उतरतात, ओळीनं रोपं खोचतात, छायाचित्रं निघतात. बहुतेक वेळा लावलं जातं ते कांदळ, कारण त्याच्या लांब शेंगा हातात धरून चिखलात खुपसायला सोप्या. पण उघड्या, समुद्राच्या तोंडाच्या चिखलात आधी पाय रोवतं ते तिवर. चुकीची जात चुकीच्या जागी लावल्यामुळं रोपं मरतात. देमाकच्या मंडळींनी हे उलटं केलं: आधी जागा तयार करायची, मग झाड स्वतः येऊ द्यायचं.

कामात अडचणी आल्याच. पाण्यात ठोकलेले बांबूचे आणि लाकडाचे खुंट वर्षा-दोन वर्षांत पोकळ होऊन मोडायला लागले. लाकूड पोखरणारा एक लांबट शिंपला समुद्रात असतो, जुन्या गलबतांचा तो वैरी, त्यानं हे खुंट आतून खाल्ले. मग प्लास्टिकच्या नळ्यांत काँक्रीट भरून खुंट करून पाहिले. तळीवाल्या शेतकऱ्यांसाठी शेतशाळा भरवल्या गेल्या. रसायनं कमी करून घरच्या घरी द्रवखत कसं बनवायचं, नदीकाठचा बांध मागं घेऊन तिथं तिवराला जागा कशी सोडायची, हे त्यांनी शिकून घेतलं आणि ज्यांची तळी टिकली होती त्यांतल्या अनेकांचं उत्पन्न वाढलं.

डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी निसर्ग पूर्ववत करण्याचे जगातले दहा आदर्श प्रकल्प जाहीर केले. त्या यादीत देमाकचं हे काम होतं आणि आपल्या गंगेच्या पुनरुज्जीवनाचंही.

पण या प्रकल्पाची खरी थोरवी त्या मानापेक्षा तो राबवणाऱ्यांच्या प्रामाणिक कबुलीत आहे. कुपाटीमागं गाळ बसतो, हे सिद्ध झालं. तो जितका वर येतो त्याहून जास्त जमीन खाली गेली तर काय, हेही त्यांनीच मोजून सांगितलं. जिथं खचण्याचा वेग कमी, तिथं तिवर टिकलं. तिंबुल्स्लोकोसारख्या ठिकाणी साचलेला चिखल पुन्हा पाण्याखाली गेला. भूजलाचा उपसा थांबवल्याशिवाय या किनाऱ्यावर कुठलाच उपाय टिकणार नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

८. पाण्यावरचा संसार

ज्याचं तळं बुडालं त्याचा धंदा बुडाला; पण समुद्र दारात आला, तर समुद्रातच हात घालावा लागतो. पुरुष छोट्या होड्या घेऊन खेकड्यांचे पिंजरे लावतात, कोळंबी पकडतात, हिरव्या कालवांसारखे शिंपले वाढवतात. तरुण मुलं-मुली सेमारांगच्या कारखान्यांत कामाला जातात. ज्या कारखान्यांच्या पट्ट्यात जमिनीचं पाणी उपसलं जातं, त्याच पट्ट्यात या घरांची चूल पेटवणारा पगारही मिळतो. गावातल्या माणसाला या गोष्टीवर चटकन निवाडा देता येत नाही, तो यामुळंच.

देमाक जिल्ह्यात बायकाही होडीवर जातात. नवऱ्याबरोबर पहाटे निघायचं, सुकाणू धरायचं, जाळं ओढायचं आणि परत येऊन स्वयंपाक करायचा. तरी त्यांच्या ओळखपत्रावर व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ असंच छापलेलं असे. २०१६ मध्ये मच्छीमारांच्या संरक्षणाचा कायदा झाला, विम्याची सोय झाली, पण कागदोपत्री मच्छीमार नसलेल्या बाईला त्याचा उपयोग नव्हता. पुस्पिता बाहारी या देमाकमधल्या कोळी बायकांच्या संघटनेनं त्यासाठी पाठपुरावा केला, तेव्हा काही जणींच्या ओळखपत्रावर ‘मच्छीमार’ हा शब्द आला. 

आणि मेलेल्यांचं काय? तिंबुल्स्लोकोचं कबरस्तानही पाण्यात गेलं. लोकांनी होड्यांतून माती आणून ते उचलून घेतलं, भोवती कुंपण घातलं. दफन करायचं तर ओहोटीची वेळ धरावी लागते. अनेक जण गाव सोडत नाहीत, याचं एक कारण ते कबरस्तान आहे. शेजारच्या बेदोनोमध्ये शेख मुदझाकिर या धर्मगुरूंची कबर आता समुद्रात उभी आहे. भोवतालची वाडी गेली, कबर राहिली, आणि तिवरांतून गेलेल्या वाटेनं भाविक आजही तिथं येतात.

९. सत्तावीस किलोमीटरचा रस्ता आणि टोकियोची विहीर

२३ मे २०२२ या दिवशी सेमारांगच्या बंदरालगतचा बांध फुटला. रोबचं पाणी कारखान्यांच्या आवारात शिरलं, कामगार छातीभर पाण्यातून बाहेर पडले. तोपर्यंत खेड्यापुरता वाटणारा प्रश्न त्या दिवशी शहराचाही झाला.

सरकारचं उत्तर मोठ्या बांधकामाचं आहे. सेमारांग ते देमाक असा २७ किलोमीटरचा टोल रस्ता बांधला जातो आहे. त्याचा सायुंग ते देमाक हा १६ किलोमीटरचा टप्पा २०२३ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष जोको विदोदो यांनी देशाला अर्पण केला. उरलेला टप्पा समुद्रातून जातो, आणि तोच समुद्र अडवणारी भिंतही होणार आहे. मऊ गाळावर तो उभा राहावा म्हणून खाली बांबूच्या चटयांचे थरावर थर अंथरले गेले. शहराच्या पूर्व भागाला त्याचा उपयोग होईल, यात शंका नाही. पण भिंतीच्या समुद्राकडच्या बाजूला पडणाऱ्या वाड्यांवर लाटांचा जोर वाढेल, ही तिथल्या लोकांची भीतीही खरी आहे. २०२५ मध्ये अध्यक्ष प्राबोवो सुबियांतो यांनी त्याही पुढं जाऊन, बांतेनपासून पूर्व जावापर्यंत सुमारे ५०० किलोमीटरची सागरी भिंत बांधण्याचा इरादा सांगितला. खर्चाचा अंदाज ८० अब्ज डॉलर.

इथं टोकियोचं उदाहरण लक्षात घ्यावं. टोकियोचा पूर्व भागही नद्यांच्या गाळावर वसलेला. विसाव्या शतकात कारखान्यांनी तिथं इतकं भूजल उपसलं की कोतो भागातली जमीन ४ मीटरहून जास्त खाली गेली. जपाननं १९५६ पासून कायदे करून हा उपसा आवळत आणला आणि कारखान्यांना नदीचं पाणी नळानं पुरवलं. सत्तरच्या दशकात जमीन खचणं जवळजवळ थांबलं. खाली गेलेली जमीन वर आली नाही. तो भाग आजही बांधांच्या आडोशानं, समुद्रसपाटीच्या खाली राहतो. पण तो राहतो आहे.

सेमारांगला हे जमणार नाही असं नाही. शहराजवळ जातीबारांग धरण आहे, त्याचं पाणी शहराच्या पश्चिम भागाला नळानं मिळू लागलं आहे. पूर्वेकडच्या कारखान्यांना आणि सायुंगच्या गावांना असंच धरणाचं पाणी मिळालं आणि मग खोल विहिरींना कुलूप लागलं, तर भिंतीलाही अर्थ येईल, कुपाटीलाही. तो क्रम उलटा ठेवला तर भिंतीच्या आतली जमीन खाली जातच राहील, आणि भिंत दर काही वर्षांनी उंच करावी लागेल. तिंबुल्स्लोकोतल्या घरांची जमीन उचलावी लागली, तशीच.

तूर्त तरी त्या वाडीपर्यंत धरणाचा नळ पोचलेला नाही. चारी बाजूंना समुद्र असलेल्या त्या घरांत प्यायचं गोडं पाणी येतं, तेही खोल विंधन विहिरीतूनच.